दाढीच्या डब्याला बांधलेला दोरा

एकोणीस एप्रिल. ऊन चढायच्या आत बाथरूममधली फळी धुऊन टाकावी म्हणून सगळं सामान खाली काढलं आहे. तीन माणसांच्या घरात दाढीची यंत्रं चार निघाली. एक नवऱ्याचं, एक त्याचंच जुनं, एक मुलीचं गुलाबी, आणि चौथं कोणाचं ते कोणी कबूल करत नाही. मुलगी दारात उभी राहून पोटरी दाखवत होती. पोटरीवर लाल पुटकुळ्या. "पप्पांनी परत माझा रेझर वापरला." बाहेरच्या खोलीतून पप्पांचा आवाज आला, "मला काय गुलाबी रेझरची हौस आहे?" मी दोघांवरही विश्वास ठेवला नाही. गुलाबी यंत्र उजेडात धरून पाहिलं. पात्यात अडकलेले केस आखूड होते, आणि त्यात दोन पांढरे होते. नवऱ्याला काही बोलले नाही. पुरावा हातात असला की बोलायची घाई नसते. मुलीला मात्र सांगितलं, कोरड्या पायावर घाईघाईत फिरवलंस तर दुसऱ्या कोणी वापरलं नाही तरी हेच होणार.

पिपरी मेघेत माझं स्वतःचं जनरल स्टोअर्स आहे. दाढीनंतर आग होते, पुरळ येतं म्हणून माणसं मलम मागायला येतात. मी आधी विचारते, पाणी ऊन घेता का, ब्लेड कधी बदललं, उलट्या दिशेनं ओढता का? बरेचजण चिडतात. बाईनं हे विचारावं याचंच त्यांना वाईट वाटतं. पण हे सगळं मी एकाच उन्हाळ्यात शिकले, आणि तेही संशयातून. त्या उन्हाळ्यात आमच्या घरात कोणाचाच कोणावर विश्वास नव्हता.

तेव्हा आम्ही जाम गावच्या चौरस्त्यावर राहत होतो. पुढे दुकान, मागे घर, मध्ये जाड हिरवा पडदा. मागच्या दारी न्हाणी, तिच्या भिंतीला लागून हातपंप, आणि पंपाशेजारी तेलाच्या जुन्या पिंपात आईनं लावलेली कोरफड. दिवसभर नागपूरकडून येणारे ट्रक थांबायचे, तेव्हा त्यांच्या ब्रेकचा मोठा सुस्कारा घरातल्या प्रत्येक वाक्याच्या मध्ये यायचा. आम्ही बोलता बोलता थांबायचो आणि तो संपला की पुढचा शब्द उचलायचो. सकाळी ड्रायव्हर लोक पंपाजवळच्या कडुलिंबाच्या फांदीला आरसा अडकवून दाढ्या करत. बाबांच्या दुकानात बिस्किटं, सेल, दोरखंड, साबण सगळं असे, पण सकाळी सर्वांत जास्त खपत ती ब्लेडं. भिंतीवर त्यांच्या पाकिटांच्या लांब माळा लटकत. न्हाणीच्या झरोक्यातून मी त्या ड्रायव्हरांना पाहत असे. कोणी ओला टॉवेल तोंडावर धरून निवांत बसायचा आणि मग हळूहळू खाली ओढायचा, त्याचा गाल मुलाच्या गालासारखा निघायचा. कोणी पंपाचं थंड पाणी मारून खरडायचा, आणि पंजाबी ढाब्यावर जाईपर्यंत मान खाजवत राहायचा. मला दहावीची परीक्षा देऊन सुट्टी लागली होती आणि करण्यासारखं दुसरं काही नव्हतं.

पडद्याचा एक नियम होता. घरातल्या बायांनी पडद्यापलीकडे जायचं नाही. आई सकाळी पडद्यामागून सांगायची, साखर, काडीपेटी, धुण्याचा सोडा, आणि बाबा हात आत घालून वस्तू द्यायचे. जे तोंडानं मागता येई, तेच घरात यायचं. ब्लेड मागायचं बायांना कामच नव्हतं. माझी आत्या, बाबांची धाकटी बहीण विमल, लहानपणी आजोबांजवळ दुकानात बसायची, मापं करायची, पोत्यांची तोंडं बांधायची. वयात आली तशी तिला पडद्याच्या आत घेतलं आणि ती आतच राहिली. त्या उन्हाळ्यात ती तिशीच्या जवळ आली होती. तिच्याखालचा मधुकाकाही अजून लग्नाचा होता, पण तिचं झाल्याशिवाय त्याचं होत नव्हतं.

भांडणाला सुरुवात बाबांच्या मानेपासून झाली. बाबा दुकान उघडायच्या घाईत, अंघोळीच्या आधी, थंड पाण्यानं दाढी करत. साबण नावाला. मग तुरटीचा खडा असा घासत की जणू तांब्याचं भांडं आहे, आणि त्यावर बाटलीतलं जळजळीत पाणी थापत. त्या वर्षी त्यांची मान लाल दाण्यांनी भरली. कॉलर लागली की ते कळवळत. आणि मधुकाकाचा चेहरा मात्र तुळतुळीत. काका अंघोळ करून, चहा पिऊन, सावकाश दाढी करायचा, पण हा फरक कोणी पाहिला नाही. बाबांनी वेगळाच हिशोब लावला.

"तू दुकानातलं कोरं ब्लेड घेतं, अन् तुहं जुनं माह्या यंत्रात लावून ठेवतं," बाबा जेवताना म्हणाले.

"दादा, काय बोलून राह्यले तुम्ही?" काकाचा घास हातातच राहिला. "माहं सामान माह्या पेटीत असते. तुमच्या डब्याले मी हात नाई लावत."

"मंग माह्या यंत्रात सकाळी केस कुठून येते? मी धुऊन ठेवतो."

"तुमची मान पाहा, मंग माहा गाल पाहा, अन् मंग म्हना चोर कोन ते. तुरटीनं घासता ना तुम्ही, मले तं वाटते सालटी सोलून राह्यले."

आईनं दोघांच्या ताटात वांग्याची भाजी वाढली. ती काही बोलली नाही. आई बोलत नसली की तिला काहीतरी माहीत असतं, असं मला तेव्हा वाटायचं. आता वाटतं की आई बोलत नसली की तिला फक्त भांडण नको असायचं.

त्याच दिवसांत आत्याच्या हनुवटीवर पुटकुळ्या आल्या. आधी बारीक, मग लाल, मग काहींत पू. आणि पुढच्या रविवारी हिंगणघाटची मंडळी तिला पाहायला येणार होती. याआधीचं स्थळ तिच्या चेहऱ्यावरूनच परत गेलं होतं. त्या बायांनी बाहेर पडता पडता काहीतरी कुजबुजलं होतं आणि आईनं ते ऐकून कोणाला सांगितलं नव्हतं. आता आईनं घामोळ्यांची पावडर लावली. मग बेसन आणि लिंबू लावलं. आत्या डोळे मिटून सहन करायची आणि संध्याकाळपर्यंत हनुवटी आणखी लाल व्हायची. दिवसभर ती पदर तोंडावर धरून कुरडयांचा चीक ढवळायची. एकदा आई स्वयंपाकघरात माझ्याजवळ हळूच म्हणाली, "मले तं शंका येऊन राह्यली शोभे. ही मुद्दाम काही लावून घेते का थोबाडाले? जायचंच नसन हिले इथून." मी आईकडे पाहिलं. मला उलटी शंका होती. लिंबू आईच लावत होती, आणि आत्या गेली तर घरातलं अर्धं काम आईवर पडणार होतं. ही शंका मी कधी बोलून दाखवली नाही, पण ती होती, आणि आज लिहिताना झाकून ठेवण्यात अर्थ नाही. आणखी एक गोष्ट मला खटकत होती. घामोळ्या मानेवर येतात, पाठीवर येतात, कोपराच्या वळणात येतात. फक्त हनुवटीच्या खाली, एका पट्ट्यात येत नाहीत.

बुधवारी बाबांनी सापळा लावला. दुकानातल्या प्रत्येक पोत्याचं तोंड ते एका खास गाठीनं बांधत. आजोबांनी शिकवलेली गाठ. सुतळी दोनदा फिरवून, आतून काढून, शेवटचा फास उजवीकडे पाडायचा. कोणी पोतं उघडून पुन्हा बांधलं तर बाबांना लांबून कळायचं. तीच गाठ त्यांनी दाढीच्या डब्याला बांधली. बिस्किटांचा पत्र्याचा डबा तो, न्हाणीच्या कोनाड्यात असायचा. कोणाला सांगितलं नाही, पण मी झरोक्याजवळ उभी होते, मी पाहिलं.

गुरुवारी सकाळी बाबांचा ओरडा पंपावरच्या ड्रायव्हरांनीही ऐकला. "सोडला! कोनं सोडला हा दोरा?" डबा हातात घेऊन ते अंगणात आले. मधुकाका चड्डी-बनियनवर बाहेर आला आणि दोघं भर अंगणात तोंडाला तोंड लागले. काका म्हणाला, आजच्या आज वेगळा निघतो. बाबा म्हणाले, निघ. एका ड्रायव्हरनं गालावरचा फेस तसाच ठेवून विचारलं, "सेठजी, क्या चोरी हुआ?" बाबांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. ते म्हणाले, "उद्या सकाळी दुकान उघडाच्या आधी सगळे इथं याचं. केळझरच्या गणपतीच्या फोटोवर हात ठेवून एकेकानं सांगाचं, डब्याले मी हात लावला नाई म्हनून. सगळ्यायनं. बायाबी."

आत्या तेव्हा दारात उभी होती. पदर तोंडावर. ती आत गेली.

बाबा डबा कोनाड्यात आपटून दुकानात गेले, तेव्हा मी जाऊन दोरा पाहिला. पुन्हा बांधलेली गाठ अगदी बाबांसारखी होती, दोनदा फिरवलेली, आतून काढलेली, फक्त फास डावीकडे पडला होता. मधुकाकाला ती गाठ येतच नव्हती, त्यावरून आजोबांनी त्याला मारलेलं मी ऐकलं होतं. आणि आमच्या घरात डावरी एकच होती. ती लाटणं डाव्या हातानं धरते म्हणून आई रोज टोमणा मारायची.

दुपारी बाबा आणि काका, बोलत नसले तरी, एकाच कूलरपुढे झोपले होते. आई गच्चीवर कुरडया उलटवत होती. मी आत्याला न्हाणीत गाठलं.

"आत्या, पदर काढ."

"काऊन?"

"दोरा डावीकडे पडला आहे."

 बाहेर एक ट्रक थांबला, सुस्कारा टाकला, आणि मगच तिनं पदर खाली घेतला. जवळून पाहिल्यावर दिसलं. पुटकुळ्यांच्या मधे मधे काळे खुंट होते. जाड, पुरुषाच्या दाढीसारखे. काही कातडीच्या आतच वाकून बसले होते आणि तिथेच फोड आला होता.

"किती वर्षं?" मी विचारलं.

"तुह्या वयाची होती तवापासून. आधी चिमट्यानं ओढे. मंग लय झाले." ती हळू बोलत होती, पण रडत नव्हती. "दोन महिने झाले, दुपारी सगळे झोपले का दादाचं यंत्र घेतो. साबन नाई लावत, वास येईन. पानी नाई घेत, आवाज येईन. तसंच ओढतो. खालून वर, म्हंजे लवकर होते."

"दुकानात ब्लेडांच्या माळा लटकल्या आहेत अन् तू बाबांचं वापरलेलं घेतेस?"

"मांगू कोनाले?" आत्या म्हणाली. "तुह्या बापाले का मधुले?"

 मी तिला पंपावरचं सगळं सांगितलं. ओला टॉवेल धरणारा ड्रायव्हर, थंड पाण्यानं खरडणारा ड्रायव्हर, बाबांची मान, काकाचा गाल. चार चेहरे शेजारी ठेवून पाहिले तर गोष्ट सरळ होती. तिनं दोन महिने चुकीचं जे जे करता येईल ते सगळं केलं होतं, आणि वरून आईचं लिंबू.

"आता रविवारपर्यंत हात लावू नको," मी म्हटलं. "लिंबू नाही, बेसन नाही, पावडर नाही. थंड पाण्याची घडी ठेव आणि कोरफड लाव. नखानं फोडू नको. रविवारी सकाळी एकदाच करू. ऊन पाण्याचा टॉवेल, भरपूर साबण, केस ज्या बाजूला वाढतात त्या बाजूनं, दाब न देता. आणि कोरं ब्लेड."

"मोठी डॉक्टरीण आली," आत्या म्हणाली. मग म्हणाली, "अन् उद्याचं काय? गनपतीवर हात ठेवून मी खोटं नाई बोलनार. मधुवर आळ आला आहे. मी सांगून टाकतो. मंग रविवारी कोनी येवो का न येवो."

ती सांगणार, हे मला तिच्या तोंडावरून कळलं. आणि भर अंगणात, ड्रायव्हरांच्या देखत ते सांगितलं तर हिंगणघाटपर्यंत जायला एक ट्रक पुरे होता.  मी फक्त म्हटलं, "मला ती गाठ शिकव." ती माझ्याकडे संशयानं पाहत राहिली, पण तिनं शिकवली. मी तिच्या शेजारी बसून, तिच्या बोटांसारखी बोटं फिरवत, ती पुन्हा पुन्हा बांधली.

रविवारचं आधीच सांगून टाकते, म्हणजे कोणी त्यासाठी ताटकळणार नाही. हनुवटी कोरी झाली नाही. फोड बसले, लाली उतरली, दोन डाग राहिले. मुलाच्या आईनं कोथिंबिरीची सांबारवडी खाता खाता ते डाग नीट पाहिले. पण खुद्द मुलाची मान कॉलरवर लाल दाण्यांनी फुललेली होती, आणि तो सारखा बोट घालून खाजवत होता. आत्यानं ट्रे ठेवताना ते पाहिलं. नंतर आत येऊन माझ्या कानात म्हणाली, "याले पह्यले पानी ऊन करायले शिकवा लागन." लग्न झालं. आत्या आज हिंगणघाटला आहे, सासऱ्यांचं कापडाचं दुकान तिच्याच हातात आहे आणि तिथे पडदा नाही. चेहऱ्याचं तिनं कधी नवऱ्याला सांगितलं का, हे मी विचारलं नाही. सांगितलं असावं असा मला संशय आहे.

आता शुक्रवार सकाळ.

बाबांनी गणपतीचा फोटो खिळ्यावरून काढून, अंगणात न्यायचा म्हणून, गल्ल्याशेजारी ठेवला होता आणि उदबत्ती लावली होती. दुकानाची एकच फळी उघडली होती. आई पडद्याआड भाकरीची परात घेऊन उभी, मधुकाका अंगणात पेटी भरून बसलेला. आईच्या मागे आत्या पदर सारखा करत होती. मी कोणाला न सांगता मागच्या दारानं निघाले, घराला वळसा घातला, आणि रस्त्याच्या बाजूनं, गिऱ्हाइकासारखी, दुकानाच्या पायरीवर जाऊन उभी राहिले. एक ड्रायव्हर आधीच तिथे बिस्किटाचा पुडा घेत होता.

"बाबा, ब्लेडचं पाकीट द्या."

बाबांना आधी मी ओळखूच आले नाही. मुलगी त्या बाजूनं कधी आली नव्हती. "कायले?" ते म्हणाले.

"मला लागते. तुमच्या डब्यातून मीच घेत होती. मधुकाकानं नाही."

ड्रायव्हरनं पुडा उचलला आणि तो एकदम ट्रककडे चालू लागला. बाबांचा चेहरा तांबडा झाला, मग उतरला. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. माझ्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. दुकानदार माणूस, माल पाहिल्याशिवाय मानत नाही.

"दोरा तूच सोडला?"

"हो."

"अन् गाठ?"

"मीच बांधली."

"माही गाठ तुले येते?" त्यांनी पायाजवळचं साखरेचं अर्धं पोतं पुढे सरकवलं, सुतळीचा तुकडा तोडून गल्ल्यावर टाकला. "बांध."

मी सुतळी उचलली. दोनदा फिरवली, आतून काढली, ओढली. माझा हात उजवा, पण फास डावीकडे पडला. दुसरीकडे पाडता मला येतच नव्हता. बाबा वाकून त्या गाठीकडे पाहत राहिले. उदबत्तीची राख फोटोच्या चौकटीवर पडली. त्यांनी एकदा पडद्याकडे पाहिलं, तिथे कापड जरासं हललं, आणि त्यांनी मान परत फिरवली. गाठ कोणी शिकवली हे त्यांनी विचारलं नाही.

"मधू," त्यांनी आवाज दिला, "पेटी आत ठेव. अन् हा फोटो लावून टाक खिळ्यावर." मग हात वर करून त्यांनी माळेतून एक पाकीट तोडलं. ते माझ्यासमोर ठेवलं, थोडं थांबले, आणि साबणाची एक वडीही त्यावर ठेवली. "सरलं का मांगून घेजो," ते म्हणाले. माझ्याकडे न पाहता म्हणाले.

मी घराला वळसा घातला नाही. गल्ल्याशेजारची आडवी फळी उचलली, दुकानातून सरळ चालत गेले, पडदा बाजूला केला, आणि पाकीट आणि साबण आत्याच्या हातात दिले. "आज नाही," मी म्हटलं. "रविवारी. पह्यले पानी ऊन करजो." मग पिंपातल्या कोरफडीचं एक पान कापायला गेले.